पंचविसावी एकादशी



वारकऱ्याच्या घरात उपवास कोणता आणि कशासाठी, हे विचारावे लागत नाही. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक महिना आला तर सव्वीस. त्या दिवशी चूल उशिरा पेटते, भगर आणि शेंगदाण्याची आमटी होते, संध्याकाळी हरिपाठ होतो आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडली जाते. आमच्या घरात मात्र आणखी एक उपवास होता आणि तो पंचांगात नव्हता. दर वर्षी अकरा डिसेंबरला आमचे वडील अन्न घेत नसत. त्या दिवशी कधी अष्टमी असे, कधी तीज, कधी अमावास्या. तिथी कोणतीही असो, तारीख ठरलेली. सकाळी अंघोळ करून ते आईला सांगत, "आज मन्हं नको." आई भगर निवडायला घेई. तिने कधी कारण विचारले नाही, निदान आमच्या देखत तरी नाही. आम्ही भावंडे आपसात त्याला पंचविसावी एकादशी म्हणत असू आणि हसत असू.

वडिलांना सगळे गाव जिभाऊ म्हणे, म्हणून आम्हीही जिभाऊच म्हणत आलो. आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अलीकडे. घरी थोडी कोरडवाहू जमीन, कापूस आणि ज्वारी. १९६५ साली, एकोणीस वर्षांचे असताना, जिभाऊ अमळनेर स्टेशनवरून गाडीत बसले आणि फौजेत गेले. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात त्यांची शिकवणी झाली आणि पुढे ते पहिल्या पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत लागले. १९८३ साली हवालदार म्हणून पेन्शन घेऊन परत आले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यांच्याबरोबर एक हिरवी लोखंडी ट्रंक, दोन कांबळी आणि पितळेचा एक मोठा मग आला. मेडल्स ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

पुढच्याच वर्षी, १९८४ च्या आषाढीला, पंढरपुरात त्यांनी माळ घातली. तेव्हापासून खाणेपिणे सुटले. माजी सैनिक म्हणून कॅन्टीनमधून दारूचा कोटा मिळतो, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. तो कोटा उचलून आम्हाला द्या, तुम्ही पिऊ नका म्हणजे झाले, असे म्हणणारे भले लोक दर महिन्याला दारात येत. जिभाऊ त्यांना चहा पाजत आणि परत पाठवत. एकाने तर हिशेब मांडून दाखवला की चाळीस वर्षांत जिभाऊंनी किती बाटल्या सरकारला फुकट सोडून दिल्या. त्या हिशेबावर जिभाऊ मनापासून हसले होते. ते फार कमी हसत, म्हणून लक्षात आहे.

वारी ते मुक्ताईच्या पालखीबरोबर करत. अमळनेरला सखाराम महाराजांची वाडी इतकी जवळ असताना कोथळीला कशाला जाता, असे लोक विचारत. ते म्हणत, थोरल्या भावांसोबत सगळेच चालतात, धाकट्या बहिणीसोबतही कोणी हवे. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, बुलढाणा, जालना, बीड असा सगळा मुलूख तुडवत महिनाभराहून अधिक चालते आणि मग पंढरीला पोचते. जेठाचे ऊन तिच्या वाट्याला पुरेपूर येते. जिभाऊ त्या वाटेवर दिंडीच्या मागे राहत. मुक्कामाची जागा ठरली की टिकाव-फावडे घेऊन आधी संडासाचे चर खणत, वर पोत्याचा आडोसा उभा करत आणि सकाळी दिंडी हलली की सगळे बुजवून, माती दाबून, मग चालू लागत. टाळ त्यांच्या गळ्यात फार थोडा वेळ असे. एका तरुण वारकऱ्याने एकदा विचारले की हे खणणे कुठे शिकलात. "फौजमा," एवढेच ते बोलले. चर कशासाठी खणत असत ते त्यांनी सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही.

फौजेतला माणूस वारकरी कसा, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आळंदीच्या महाद्वारातली हैबतबाबांची पायरी आठवावी. माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला असलेले शिपाईगडी. चाकरीचे द्रव्य घेऊन गावाकडे परतताना सातपुड्याच्या घाटात भिल्लांनी त्यांना पकडले आणि गुहेत कोंडले, तिथे त्यांनी हरिपाठाचा आधार धरला आणि नायकाच्या घरी मुलगा झाल्यावर त्यांची सुटका झाली, अशी परंपरेतली कथा आहे. तो सातपुडा आमच्या खानदेशाच्या उशाला आहे. (भिल्लांना वाटमारे म्हणून मोकळे होण्याची आपल्याला फार सवय आहे. या कथेत हैबतबाबांना सोडणाराही भिल्लच आहे, हे सांगायचे राहून जाते.) परत आल्यावर बाबांनी तलवार ठेवली, पण शिस्त ठेवली नाही. दिंड्यांचे क्रम, रथापुढच्या सत्तावीस, रथामागच्या, कर्ण्याचे इशारे, चोपदार, घोडे, तंबू या सगळ्यात छावणी दिसते. जिभाऊ एका वर्षी माऊलींच्या सोहळ्यात चालले आणि आल्यावर म्हणाले, "हाई तं पलटणच शे." म्हणजे ही तर पलटणच आहे. तुकोबारायांच्या गाथेत पाइकीचे अभंग आहेत. त्यावर निरूपण करताना कीर्तनकार बहुधा पाईक म्हणजे भक्त, असे सांगून पुढे सरकतात. जिभाऊंना ते पटत नसे. पाईक म्हणजे आधी पाईकच, मग काय म्हणायचे ते म्हणा, असे ते म्हणत.

एक गोष्ट सांगताना आजही जीभ जड होते. मी पाचवीत असताना पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण केले. माझ्या वडिलांनी बांगलादेशच्या लढाईत दहा पाकिस्तानी मारले, असे त्यात ठोकून दिले. आकडा माझा होता. टाळ्या फार पडल्या. घरी आलो तर जिभाऊंना आधीच कळले होते. त्यांनी मला एक थोबाडीत मारली. आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची. नंतर ते गोठ्यात जाऊन बसले, रात्री जेवले नाहीत. खोटे बोललो म्हणून मारले, असे मी समजलो. तसे समजणे सोपे होते आणि मी ते पस्तीस-छत्तीस वर्षे समजत राहिलो.

माऊलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाज आरतीला एक रीत आहे, वारकऱ्यांना ती सांगायला नको. तळावर सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, काही हरवले असेल, काही अन्याय झाला असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातो, काय झाले ते ऐकून घेतो आणि तोड निघाली की टाळ थांबतात. जिभाऊंचा तो उपवास हा आमच्या घरात वाजत राहिलेला टाळ होता. दर वर्षी एक दिवस तो वाजे. चोपदार म्हणून कोणी त्यांच्यापाशी गेले नाही. मी थोरला मुलगा, मी तर नाहीच.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. जिभाऊंचे गुडघे तोवर धरले होते आणि आई गेलेली होती. मी त्यांना धुळ्याला, देवपुरातल्या माझ्या घरी आणले. माझी धाकटी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळा बऱ्याच काळ बंद, त्यामुळे आजोबा-नात दिवसभर एकमेकांच्या ताब्यात. २०२१ च्या अकरा डिसेंबरला सकाळी जिभाऊ म्हणाले, "आज मन्हं नको." माझ्या पत्नीला सवयीचे होते. मुलीला नव्हते. ती कालनिर्णय घेऊन आली.

"आबा, आज एकादशी नाही. एकादशी चौदा तारखेला आहे."

"नही शे."

"शनिवार म्हणून का?"

"नही."

"मग का?"

ज्ञानोबाराय ताटी लावून बसले होते तेव्हा बाहेर उभी राहून त्यांना हाका मारणारी मुक्ताई वयाने किती लहान होती, हे आपण ऐकत आलो आहोत. ताटीचे अभंग ऐकताना आपले लक्ष तिच्या ज्ञानाकडे जाते. मला आता वाटते की तिचे लहानपणही तिथे कामाला आले असेल. मोठ्या माणसाने विचारले की त्यात तपासणी असते. मूल विचारते तेव्हा त्याला फक्त जाणून घ्यायचे असते.

दुपारी मुलगी माझ्याकडे आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आबांनी एका माणसाला मारलं होतं. त्याचा उपवास आहे."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो. वय माझे अठ्ठेचाळीस, त्यांचे पंचाहत्तर. जे कळले ते असे. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व बंगालात जमालपूरला पाकिस्तानी बलुच पलटण ठाण मांडून होती. जंगी पलटण ले. कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांच्या पाठीमागे जाऊन बसली होती, परतीची वाट अडवून. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली, तिचे उत्तर कागदात गुंडाळलेल्या बंदुकीच्या गोळीने आले. ही गोष्ट पुस्तकांत आहे, जिभाऊंनाही ती नंतरच कळली. दहा तारखेच्या रात्री त्या सैन्याने वेढा फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि ते थेट आमच्या पलटणीच्या खंदकांवर आले. पहाटेपर्यंत चालले. समोरचे शेकडो पडले.

"रात्री कोन कोले मारस, काही समजत नही," ते म्हणाले. पुढचे ते मराठीत बोलले. ज्या गोष्टी गावात घडल्या त्या ते अहिराणीत सांगत, फौजेत घडलेल्या मराठीत. अंधारात मारलेल्यांचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. पण उजाडता उजाडता एक जण त्यांच्या खंदकापासून सात-आठ पावलांवर उठून उभा राहिला. हातात बंदूक होती. शेजारी त्यांचा जोडीदार दुसरीकडे तोंड करून होता. जिभाऊंनी गोळी झाडली. उजेड झाल्यावर ते जवळ गेले. आपल्याच वयाचा, पंचविशीतला, मिशी नुकती राखलेला. खिशात उर्दूत लिहिलेले एक पत्र होते. ते त्यांनी साहेबाकडे दिले. पाणी मागण्याइतका तो जिवंत राहिला नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितले. पाच दिवसांनी, सोळा तारखेला, ढाक्यात शरणागती झाली, ९३,००० च्या आसपास माणसे कैद झाली, सगळीकडे आनंद झाला. जिभाऊंनाही झाला. तो आनंद खोटा नव्हता, असे ते म्हणाले.

मी विचारले, "जिभाऊ, तुम्हाला ते पाप वाटतं का?"

ते म्हणाले की नाही. हुकूम होता. मारले नसते तर त्याने जोडीदाराला मारले असते. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा गोळी झाडीन. चूक केली असे एक दिवसही वाटले नाही. आणि मग खाली बघत, "पन तो मरी गया ना."

या एका वाक्याशी मी चार वर्षे झगडतो आहे आणि त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

आपण नेहमी असा विचार करतो की कर्म एक तर योग्य असते, नाही तर अयोग्य. योग्य असेल तर खेद कशाला, आणि खेद होत असेल तर मनात कुठे तरी ते अयोग्य वाटते आहे. शहाणी माणसे जिभाऊंना या दोन खुंट्यांपैकी एकीला बांधू पाहतील. मीही पाहिले. मी धुळ्याचा, त्यामुळे पहिल्यांदा मन गेले ते विनोबांकडे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी, तेही तिथे कैदीच, ते लिहून घेत गेले. पहिल्याच प्रवचनात विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या त्या न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि मग त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचे तसेच झाले होते, असे विनोबांचे सांगणे. अर्जुनाला अहिंसा सुचली नव्हती, आप्त समोर दिसल्यामुळे मोह झाला होता. स्वतः जन्मभर अहिंसा पाळणाऱ्या माणसाने हे सांगावे, याला वजन आहे.

पण जिभाऊंना हे लावून पाहिले तर बसत नाही. त्यांच्या समोर उभा होता तो आप्त नव्हता. नावही माहीत नसलेला परका, शत्रूच. मोह कसला? आणि गीता सांगितली जाते ती लढाईच्या आधी. धनुष्य खाली ठेवलेल्या माणसाला ती उभे करते. अठरा दिवसांनंतर रणांगणावर काय करायचे, हे तिला कोणी विचारलेले नाही.

ते विचारले गेले स्त्रीपर्वात. आपल्याकडे स्त्रीपर्व फारसे वाचले जात नाही. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिर दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांचे अंत्यविधी करवतो. ज्यांचे कोणी उरले नाही, जे दूरदेशीचे आहेत, ज्यांना ओळखणारे कोणी नाही, त्यांचेही दहन नीट व्हावे म्हणून विदुर, संजय, धौम्य यांना कामाला लावतो. मग सगळे गंगेवर तिलांजली द्यायला जातात आणि तिथे कुंती सांगते की कर्ण तुझा थोरला भाऊ होता. म्हणजे पाणी द्यायला गेल्यावर कळले की मारला तो आपलाच होता. व्यासांनी क्रम असा ठेवला आहे. आधी परक्यांना पाणी, मग ओळख. युद्ध धर्मयुद्ध होते की नव्हते, हा प्रश्न त्या वेळी युधिष्ठिराने मिटवलेला नव्हता, पुढे शांतिपर्वात तो तेच घेऊन बसतो. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत मेलेल्यांना ताटकळत ठेवले नाही.

मी जिभाऊंना म्हटले, मग पितृपक्षात घातचतुर्दशीला का नाही केले काही? भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांचीच असते. त्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. तो मुसलमान, आपले तिळपाणी त्याला चालले नसते, आणि मेल्यावर माणसाच्या तोंडात त्याला न चालणारे घालू नये. "उपास त्यासमा बी ऱ्हास," ते म्हणाले. उपवास त्यांच्यातही असतो. आणि तिथीचे म्हणाल तर खंदकात पंचांग कुठले, अकरा डिसेंबर तेवढी माहीत होती.

धर्माधर्मांतल्या सलोख्यावर पुष्कळ व्याख्याने ऐकली. कोणाला काय चालेल याचा इतका बारीक विचार करणारा माणूस आमच्या घरात चाळीस वर्षे भगर खात होता.

पाच दिवसांनी गावात सत्कार होता. १९७१ च्या विजयाला पन्नास वर्षे झाली म्हणून ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, आमच्या गावानेही शाळेच्या पटांगणात मांडव घातला. आम्ही जिभाऊंना गाडीने नेले. शाल, श्रीफळ, फेटा झाला. सूत्रसंचालन करणारा मुलगा उत्साही होता. माइक त्यांच्यापुढे धरून म्हणाला, "जिभाऊ, आजच्या तरुणांना सांगा, तुम्ही किती शत्रू मारले?"

मला माझे पाचवीतले भाषण आठवले. घाम फुटला.

जिभाऊ म्हणाले, "एक माहीत आहे." मग थांबून, "त्यान्हं नाव माले म्हाईत नही." आणि खाली बसले. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. थोड्या वाजल्या.

कार्यक्रमानंतर एक माजी सैनिक, जिभाऊंपेक्षा खूप तरुण, घरी आला. त्याला उपवासाचे कुठून तरी कळले होते. तो चिडलेला होता आणि त्याच्या चिडण्याला कारण होते. त्याने स्वतःच्या हाताने मित्र उचलून आणले होते. तो म्हणाला, "जिभाऊ, आपल्या मेलेल्यांसाठी तुम्ही कधी उपवास केला? त्यांच्या आयांना हे कळलं तर काय वाटेल?" जिभाऊंनी त्याला जवळ बसवले. आपल्या दोन साथीदारांच्या नावाने ते दर वारीत एका मुक्कामावर अन्नदान करत, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मग म्हणाले, "त्यासले गाव शे, सरकार शे. ह्याले कोन शे?"

तो फौजी उठून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते. मीही त्याला चुकीचा ठरवू शकत नाही. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यापुढे उभे राहून हे सांगण्याची माझी छाती नाही. शिवाय आणखी एक शंका माझ्या मनात आहे आणि ती मी जिभाऊंना विचारली नाही. या उपवासाने त्या मेलेल्या माणसाला काय मिळाले? बलुचिस्तानात किंवा पंजाबात कुठल्या तरी गावी त्याची आई वाट पाहून गेली असेल. तिच्यापर्यंत आमच्या अमळनेर तालुक्यातली भगर पोचली नाही. उपवास हा शेवटी करणाऱ्याचाच असतो, असे कोणी म्हणाले तर नाही म्हणता येत नाही. जिभाऊ इतकेच म्हणत की पोट रिकामे असले म्हणजे विसर पडत नाही.

विसर पडू नये हे त्यांना कोणी सांगितले, तेही त्या डिसेंबरात कळले. १९८४ साली माळ घालायला गेले तेव्हा मठातल्या वृद्ध महाराजांनी नेहमीप्रमाणे विचारले, मांस-मदिरा सोडली का, परस्त्री मातेसमान मानाल का, एकादशी कराल का. जिभाऊ हो हो म्हणत गेले आणि मग म्हणाले, महाराज, माझ्या हाताने माणूस गेला आहे, माळ चालेल का? महाराजांच्या हातात माळ तशीच राहिली. ते बराच वेळ बोलले नाहीत. जिभाऊंना वाटले, आता नाही म्हणतील. शेवटी त्यांनी विचारले, "त्याचा चेहरा आठवतो का?" जिभाऊ म्हणाले, आठवतो. "मग विसरू नको," म्हणून महाराजांनी माळ घातली.

महाराजांनी सजन कसायाचा दाखला दिला नाही, धर्मव्याधाची कथा सांगितली नाही, तुझा दोष गेला असेही म्हणाले नाहीत. आणि दूरही लोटले नाही. मी हे किती तरी वेळा मनात घोळवले आहे. तेरा वर्षे जे ओझे जिभाऊ एकटे वाहत होते ते त्यांनी उतरवून घेतले नाही, नीट खांद्यावर बसवून दिले. वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईला आपण वाट करून देतो, ते खाली ठेव असे म्हणत नाही, तसे काहीसे. ही उपमा पुरती जुळत नाही हे मला कळते.

जिभाऊ गेल्या वर्षी, २०२४ च्या भाद्रपदात, धुळ्याला माझ्या घरी वैकुंठवासी झाले. वय अठ्ठ्याहत्तर. शेवटच्या आठवड्यात शुद्ध येई-जाई. हात कांबळ्यावर काही तरी दाबल्यासारखे हलत. पत्नीला वाटले टाळ वाजवताहेत. मला वाटले चर बुजवताहेत. माळ गळ्यात होती, तीसह नेले. ट्रंक उघडली तेव्हा मेडल्सच्या पुडक्यात कागद सापडेल, काही लिहिलेले सापडेल, अशी मला आशा होती. काही नव्हते.

मग डिसेंबर आला. अकरा तारखेला काय करायचे, याची चर्चा आम्ही टाळत होतो. पण कालनिर्णय पाहिले तर गंमत अशी की २०२४ ची अकरा डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, मोक्षदा, गीताजयंती. घरातल्या सगळ्यांनाच उपवास होता. कोणाला काही ठरवावे लागले नाही. पूर्वीही कधी दोन्ही दिवस एकत्र आले असतील, तेव्हा आम्ही लक्ष दिले नसेल. संध्याकाळी गीतेचा पंधरावा अध्याय म्हटला, हरिपाठ झाला. मुलगी मध्येच उठून आत गेली आणि जिभाऊंचा पितळी मग पाण्याने भरून देवापाशी न ठेवता बाहेर ओट्यावर ठेवून आली. का, ते मी विचारले नाही. नंतर वाटले, पुन्हा तेच केले. मग विचारले. ती म्हणाली, "तो पाणी मागायच्या आधीच गेला, असं आबा म्हणायचे ना."

यंदा अकरा डिसेंबरला एकादशी नाही, सप्तमी आहे. हा उपवास आमचा नाही, आम्ही कोणाला मारलेले नाही, तो जिभाऊंबरोबर संपायला हवा, असे मला एकदा वाटते. दुसऱ्या वेळी वाटते की आम्ही सगळे जण त्या पेन्शनवर शिकलो. पत्नी म्हणते, तुम्ही फार विचार करता. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. परवा किराणा आणायला निघालो तर यादी तिनेच लिहून दिली. शेवटी लिहिले होते, भगर अर्धा किलो.